टोंगळ्यावरचा बिबा

आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात. मी १९८० साली नर्स म्हणून नोकरीला लागले आणि २०१६ साली निवृत्त झाले. या छत्तीस वर्षांत केसपेपरवर ‘गुडघेदुखी’ हा शब्द मी हजारो वेळा लिहिला असेल, पण समोर बसलेल्या बाईच्या तोंडून तो क्वचितच ऐकला. ती म्हणायची, “टोंगये गेले व बाई माहे.” दुखतात असं नाही, गेले असं. बैल गेला, पीक गेलं, तसे टोंगळे गेले.

सहा महिन्यांपूर्वी मोठ्या बहिणीला घेऊन नागपूरच्या एका हाडांच्या दवाखान्यात गेले होते. तिच्या दंडातून रक्त काढलं, ते यंत्रात फिरवलं, आणि वर आलेला पिवळा द्रव तिच्याच उजव्या गुडघ्यात सोडला. पीआरपी म्हणतात त्याला. तरुण डॉक्टर फार मायेने समजावून सांगत होते. चार-सहा दिवस दुखणं वाढेल, सूज येईल, घाबरू नका. ती सूज आपल्याला हवीच आहे. शरीराला वाटेल इथे नवी जखम झाली आणि ते दुरुस्तीला लागेल. बहीण ऐकत राहिली आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “हे तं मायच्या बिब्यासारखंच झालं.”

ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. त्या एका वाक्यात आमच्या जिल्ह्याचा दीडदोनशे वर्षांचा नाही, कदाचित हजारो वर्षांचा इतिहास आहे, असं मला वाटायला लागलं. तो मला माहीत आहे तेवढा लिहिते.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, लाडखेडजवळ. शकुंतला गाडीची शिटी शेतात ऐकू यायची. १९०५ पर्यंत सरकारदरबारी आमच्या जिल्ह्याचं नाव वुन, म्हणजे वणी, असं होतं. पुढे तो यवतमाळ झाला. पण या मुलखाची खरी ओळख नावात नव्हती, कापसात होती. तो कापूस मूर्तिजापूरला नेऊन मोठ्या लाइनीवर चढवता यावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज कंपनीने ही अरुंद रूळांची गाडी टाकली. १९९४ पर्यंत ती वाफेवर चालायची. तिच्यावर पुष्कळांनी लिहिलंय. जो कापूस तिच्यात भरला जायचा तो कोणाच्या कमरेतून आणि टोंगळ्यांतून निघायचा, यावर मात्र मला फारसं वाचायला मिळालं नाही.

वेचणी म्हणजे काय ते ज्यांनी केली नाही त्यांना सांगते. कमरेला फडकं बांधून त्याची पोटावर ओटी करायची. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, दोन तासांमधून चालायचं. खालची बोंडं घोट्याएवढ्या उंचीवर, वरची छातीला. म्हणजे दर दोन पावलांना वाकायचं, उकिडवं बसायचं, उठायचं. ओटी भरत जाते तसं पोटापुढचं वजन वाढत जातं आणि उठताना तो सगळा भार गुडघ्यावर येतो. धरायला काही नसतं, पराटीला धरून कोणी उठू शकत नाही. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या मुळाशी घुसतात ते वेगळंच. शेतात सीतादहीची पूजा करून पहिला वेचा सुरू झाला की थेट संक्रांतीपलीकडे, तिसऱ्या-चौथ्या वेच्यापर्यंत हे चालायचं. मजुरी वजनावर. जी बसली तिची ओटी हलकी राहिली.

१९६८ चा हिवाळा. मी दहा वर्षांची होते. दुसऱ्या वेच्यात मायचा डावा टोंगळा सुजून नारळाएवढा झाला. तिने दोन दिवस निर्गुडीचा पाला शेकला, एरंडाचं पान बांधलं, तिसऱ्या दिवशी शेतातून येताना बांधावर बसली ती उठलीच नाही. घरातल्या कर्त्या आबाजींनी तिला बैलगाडीत घालून आणलं. रात्री शेजारची म्हातारी आली. तिला सगळं गाव मोठीमाय म्हणायचं. तिच्या लुगड्याच्या सोग्याला सात-आठ बिबे बांधलेले होते.

बिबा म्हणजे आमच्या जंगलातल्या झाडाचं फळ. आकाराने बदामाएवढं, काळं, चकचकीत, वर वाळलेली नारिंगी टोपी. मोठीमायने एक भरदार बिबा निवडला, टोपी उडवली, दाभणात टोचला आणि चिमणीच्या ज्योतीवर धरला. आधी वास आला, तिखट, घशात बसणारा. मग सालीतून तेल फुटलं. काळं, घट्ट, चर्र आवाज करणारं. मला तिने दूर बसायला लावलं. “लेकराच्या अंगावर वारा नको जाऊ देऊ,” म्हणाली. मग तो तापलेला बिबा तिने मायच्या टोंगळ्याच्या वाटीभोवती टेकवला. एक ठिपका, थोडं थांबून दुसरा, असे सात. मायने पदराचा बोळा तोंडात धरला होता. प्रत्येक ठिपक्याला तिच्या पायाचा अंगठा आखडायचा, ते मला आजही दिसतं.

सकाळी ठिपके काळे पडले होते आणि भोवती लाल कडी उठली होती. तिसऱ्या दिवशी पाण्याचे फोड आले, खाज सुटली. मोठीमाय बघून समाधानाने म्हणाली, “धरला.” म्हणजे बिबा लागू पडला. आणि तिने पथ्य सांगितलं. आंबट नाही, मीठ कमी, उन्हात जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही. फोड सुकून खपली पडेपर्यंत.

उन्हात जायचं नाही म्हणजे शेतात जायचं नाही. चुलीपाशी बसायचं नाही म्हणजे स्वयंपाक नाही. दहा दिवस माय बाजेवर होती. भाकरी काकू टाकायची, पाणी आम्ही बहिणी भरायचो. दिवसाउजेडी आडवी झालेली माय मी त्याआधी पाहिली नव्हती. दोघी-तिघी बाया दुपारच्या येऊन बसायच्या, खोबरेल लावून द्यायच्या, बोलायच्या. दहा दिवसांनी सूज उतरली. माय चौथ्या वेच्याला गेली. सगळ्यांनी म्हटलं, बिब्याने टोंगळा बसवला.

पुढे शिकले तेव्हा बिब्याच्या तेलात काय असतं ते कळलं. आंबा, काजू, बिबा ही एकाच कुळातली झाडं. परदेशात पॉयझन आयव्ही नावाची वेल आहे, नुसता स्पर्श झाला तरी अंगावर फोड उठवणारी. तिच्यात जी द्रव्यं, त्याच जातीची बिब्यात. परीट पूर्वी कपड्यांवर खुणा करायचे त्या बिब्याच्याच, कारण तो डाग धुतला तरी जात नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर, जिथे सदऱ्याची खूण टेकायची तिथे, पुरळ उठायचं. त्यांच्या डॉक्टरांना त्याचं कारण परिटाच्या खुणेत सापडलं. बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात बघा म्हणजे आणखी काही सांगायला नको. काहींच्या अंगावर बिबा असा उततो की चेहरा ओळखू येत नाही. घाटंजीकडे एका मुलाचे दोन्ही डोळे सुजून बंद झालेले मी पाहिलेत. त्याच्या आजीने पाठीला बिबा लावला होता, हात न धुता त्याचं तोंड पुसलं होतं. म्हणून स्पष्ट लिहिते, कोणी हे वाचून घरी बिबा तापवू नका. मराठीत चांगल्या कामात खोडा घालण्याला बिब्बा घालणं म्हणतात ते काही उगाच नाही.

पण मोठीमायच्या हातातली ही रीत अडाण्यांची मानून मोडीत काढावी, असंही मला वाटत नाही. सुश्रुताच्या सूत्रस्थानात बारावा अध्याय पूर्ण अग्निकर्माचा आहे. कातडी, मांस, शिरा, स्नायू, सांधे आणि हाडं यांत वाताचं उग्र दुखणं शिरलं की डाग द्यावा, असं तो सांगतो. उन्हाळा आणि शरद सोडून कोणत्याही ऋतूत. डागाचे प्रकारही सांगतो, त्यात गोल कडं आहे, रेघ आहे आणि बिंदू आहे. मायच्या टोंगळ्याभोवतीचे सात ठिपके मी त्या ‘बिंदू’ शब्दात ओळखले. आणखी एक गोष्ट वाचून मी थबकले. वरवरच्या कातडीला पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात अशा वस्तू तापवून डाग द्यायचा, पण स्नायू, सांधे, हाडांसाठी मध, गूळ आणि तेल-तूप तापवून वापरायचं. ते पातळ होऊन आत खोल उष्णता नेतात. सांध्यासाठी तापवलेला गूळ! या गुळाकडे मी पुन्हा येणार आहे.

ग्रीसमधला हिपोक्रेटिस सांध्यांवरच्या ग्रंथात असंच लिहून गेलाय. ज्याचा खांदा पुन्हा पुन्हा निखळतो त्याच्या काखेत बारीक तापल्या सळयांनी डाग द्यावा, म्हणजे तिथे जो व्रण धरेल तो आकसून खांद्याला जागेवर धरून ठेवील. आणि तो रागावतोही. लोक बाहेरच्या बाजूला डागतात, त्याने हाड उलट जिकडे निसटतं तिकडेच ढकललं जातं, असं तो बजावतो. ज्याने चुकीच्या जागी डागलेले खांदे डोळ्यांनी पाहिलेत तोच असं लिहू शकतो.

आमच्याकडे हे माणसांपुरतं नव्हतं. बैल लंगडायला लागला की त्याच्या खांद्यावर, फऱ्यावर तापल्या सळईने फुल्या काढायचे. लहानपणी मी डाग नसलेला म्हातारा बैल क्वचितच पाहिला. युरोपात शर्यतीच्या घोड्यांच्या पायांना शेकडो वर्षं असंच डागत आले. १९८३ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी ते नीट तपासून पाहिलं आणि डागलेले पाय न डागलेल्यांपेक्षा काही बरे झाले नाहीत, असं त्यांना आढळलं. मग घोडे बरे कसे व्हायचे? डागल्यावर त्यांना महिनोनमहिने तबेल्यात उभं ठेवायचे, पळवायचे नाहीत.

हे वाचलं तेव्हा मला मायची बाज आठवली.

डागण्याची दुसरी बाजू लपवणार नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या लेकराच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. अशा व्रणांचं लेकरू हातात घेतलेली कोणतीही नर्स या रीतीवर हळवेपणाने लिहू शकणार नाही. एकाच घराण्यातले हे उपाय आहेत आणि त्यांतला कोणता केवळ क्रूर आहे हे ओळखायला त्या काळी कोणाकडे मोजमाप नव्हतं.

मग सुई आली. सुईचा जन्मच मुळी दुखऱ्या जागी टोचण्यासाठी झालाय. एडिंबराच्या अलेक्झांडर वुडने १८५३ च्या सुमारास पोकळ सुई आणि काचेची पिचकारी घेतली ती नसेच्या दुखण्याच्या जागेवरच अफूचं सत्त्व सोडावं म्हणून. औषध रक्तावाटे सगळीकडे जातं हे त्यानंतर उमगलं. आमच्या गावांना सुई ठाऊक झाली ती देवी टोचणाऱ्यांमुळे आणि नंतर पेनिसिलिनमुळे. मी नोकरीला लागले तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. सकाळी पहिलं काम त्या उकळायचं. पिस्टन आणि नळी वेगळी करून, फडक्यात गुंडाळून, वीस मिनिटं. सुया बोथट झाल्या की बारीक दगडावर तेलाचा थेंब टाकून टोक घासायचं, मग कापसावरून ओढून पाहायचं. टोकाला कापसाचा धागा अडकला तर सुईला कंगोरा आहे, पुन्हा घासायचं. कापसाच्या जिल्ह्यात सुईची परीक्षाही कापसावरच व्हायची. पोडावरच्या कोलाम बाया आणि तांड्यावरच्या बंजारा बाया सुईला भीत नव्हत्या, उलट सुई न देता गोळ्या दिल्या तर हिरमुसायच्या. “सुई नाई दिली तं दुखनं कायनं जाईन?” मला त्यात भोळेपणा दिसत नाही. ज्या मुलखात बरं होणं नेहमी टोचून, डागून, तुंबडी लावूनच झालं, तिथे न दुखवता बरं करणाऱ्यावर विश्वास कसा बसावा?

गुडघ्यात सुई देण्याची साथ आली ती स्टेरॉइडची. फिलाडेल्फियाच्या हॉलंडरने १९५१ साली सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन सोडून दाखवलं होतं. आमच्या तालुक्यांत ते माझ्या नोकरीच्या मधल्या काळात फोफावलं. त्याचं काम बिब्याच्या अगदी उलट. बिबा आग लावतो, स्टेरॉइड आग विझवतं. दोन दिवसांत सूज उतरते, बाई चालत घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी वेचायला. हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा घात. एका बाजाराच्या गावी कोणी तरी दर महिन्याला अशी सुई देत होता. त्याच्याकडून आलेली एक बाई मी विसरणार नाही. टोंगळा लालबुंद, तापाने अंग फणफणलेलं, सांध्यातून पू निघाला. सुई स्वच्छ नव्हती की जागा, ते कोण सांगणार? तिचा पाय नंतर कधी सरळ झाला नाही. बरं, सगळी स्वच्छता पाळून ही सुई दिली तरी काय होतं, ते २०१७ साली अमेरिकेत तपासलं गेलं. १४० रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ज्यांना स्टेरॉइड दिलं त्यांचं दुखणं मिठाच्या पाण्याची सुई दिलेल्यांपेक्षा कमी झालं नाही, उलट गुडघ्यातली गादी जास्त झिजली. अडीअडचणीला एखादी सुई वेगळी आणि दर महिन्याचा रतीब वेगळा.

आग विझवण्याऐवजी मुद्दाम लावायची, पण सुईने, अशी कल्पना मात्र स्टेरॉइडच्याही आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात बोस्टनचा जॉर्ज हीटन अंतर्गळाच्या जागी ओक झाडाच्या सालीचा अर्क टोचायचा, तिथे व्रण धरून भोक बुजावं म्हणून. मग १९३७ साली अर्ल गेडनी नावाच्या अमेरिकन ऑस्टिओपॅथ शस्त्रक्रियातज्ज्ञाने सैल सांध्यावर तेच करायला सुरुवात केली. सांगतात असं की शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात त्याचा अंगठा सापडला, सांधा ढिला पडला, यावर उपाय नाही म्हणून सहकाऱ्यांनी हात टेकले, तेव्हा त्याने स्वतःच्याच अंगठ्यात औषध टोचून घेतलं. ओहायोतल्या कँटन गावच्या जॉर्ज हॅकेटने त्याचं शास्त्र मांडलं आणि १९५६ च्या सुमारास त्याला प्रोलोथेरपी हे नाव दिलं. त्याचं म्हणणं सोपं होतं. हाडाला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे लिगामेंट, यांना रक्त कमी पोचतं, म्हणून त्या ताणल्या तर पुऱ्या बऱ्या होत नाहीत, ढिल्या राहतात. त्या जिथे हाडाला चिकटतात तिथे थोडी जळजळ करणारं काही सोडलं की रक्त धावून येतं, नवे तंतू तयार होतात, दोरी जाड होते. सशांच्या पायांवर त्याने ते करून पाहिलं होतं. त्याचं औषध इसबगोलाच्या बियांच्या तेलापासून केलेलं होतं. आपण पोटासाठी घेतो तोच इसबगोल. धोकाही होता. १९६० साली अमेरिकन डॉक्टरांच्या नियतकालिकात पाठीच्या कण्यापाशी असं औषध टोचल्यावर कमरेखालचं अंग लुळं पडल्याची नोंद छापून आली, आणि पुष्कळ डॉक्टर या उपायापासून लांब झाले.

जे उरले ते साखरेकडे वळले. आज प्रोलोथेरपीत बहुधा डेक्स्ट्रोज वापरतात, बारा ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजच्या काचेच्या कुप्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या तातडीच्या ट्रेमध्ये असतात. साखर उतरून बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या शिरेत मी त्या किती वेळा रित्या केल्या असतील. पाण्यासारखं दिसणारं, बोटाला चिकट लागणारं ते औषध शिरेबाहेर सांडलं की ती जागा लाल होऊन ठणकते. नर्सला शिकवतात, शिरेबाहेर जाऊ देऊ नको. तोच ठणका इथे औषध आहे. आणि सुश्रुताचा सांध्यावरचा गूळ? योगायोगच आहे तो, त्याला गुळातली उष्णता हवी होती, गोडी नव्हे. तरी दोन हजार वर्षांच्या अंतराने सांध्यापाशी पुन्हा गोडच आलं याचं मला अप्रूप वाटतं.

गुण येतो का? बिब्याच्या आणि या सुईच्या इतिहासात खरा फरक इथे पडतो. मोठीमायने किती टोंगळे बसवले आणि किती बिघडवले याची वही कोणी ठेवली नाही. या सुईची वही ठेवली गेली. ऑस्ट्रेलियात २००४ साली जुनाट कंबरदुखीच्या ११० लोकांवर अभ्यास झाला. निम्म्यांना साखरेचं पाणी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनला २०१३ साली झिजलेल्या गुडघ्यांच्या ९० जणांवर केलेल्या अभ्यासात मात्र साखरेवाल्यांना वर्षभरानंतरही मिठाच्या पाण्यापेक्षा आणि घरच्या व्यायामापेक्षा बराच जास्त आराम मिळाला. म्हणजे कंबरेने नाही म्हटलं, गुडघ्याने हो म्हटलं, आणि तो हो ९० जणांचा आहे.

पीआरपी या घराण्यातली सगळ्यात नवी सून. नागपूरच्या दवाखान्यात ती मी अगदी जवळून पाहिली, कारण बहिणीने माझा हात सोडला नाही. रक्त गोठू नये म्हणून द्रव घातलेल्या नळीत तिचं गडद रक्त भरलं. यंत्र थांबल्यावर नळी बाहेर काढली तेव्हा तीन थर झाले होते. खाली दाट लाल, वर गव्हाच्या पेजेसारखा पिवळसर द्रव, आणि मध्ये दुधाच्या सायीहून पातळ असा पांढुरका पापुद्रा. त्या पापुद्र्यापाशी बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, जमतात. बोट कापल्यावर रक्त थांबवायला ज्या पहिल्यांदा धावतात त्याच. त्यांच्या पोटात जखम भरायला लावणारे निरोप साठवलेले असतात. १९९८ साली रॉबर्ट मार्क्स या अमेरिकन शल्यविशारदाने जबड्याच्या हाडासाठी त्यांचा वापर करून दाखवला, मग खेळाडूंच्या घोट्यांत, कोपरांत, गुडघ्यांत ही सुई पोचली. डॉक्टरांनी तो पापुद्रा पिवळ्या द्रवासकट हलक्या हाताने ओढून घेतला, सोनोग्राफीवर बघत सुई सांध्यात नेली. बहिणीच्या पायाचा अंगठा आखडला, अगदी मायसारखा.

या सुईचीही वही आहे. सिडनी आणि मेलबर्नमध्ये झिजलेल्या गुडघ्यांच्या २८८ जणांवर केलेला अभ्यास २०२१ साली छापून आला. आठवड्याला एक अशा तीन सुया, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कोणाला काय दिलं ते कोणालाच ठाऊक नाही. वर्षाने दहाच्या मोजपट्टीवर पीआरपीवाल्यांचं दुखणं २.१ ने उतरलं, मिठाच्या पाण्यावाल्यांचं १.८ ने. हा फरक फरक म्हणावा असा नाही. इतर अभ्यास वेगळं सांगतात, वाद चालू आहे, आणि बहिणीला मी हे सगळं आधी वाचून दाखवलं होतं. तिने तरी सुई घेतली. पुढे मूळपेशींची, म्हणजे स्टेम सेलची, सुई म्हणून कोणी आणखी मोठी रक्कम सांगितली तर मात्र मी तिला जाऊ देणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनी गुडघ्यासाठी मूळपेशी हा मान्य उपचार धरलेला नाही, तो फक्त रीतसर चाचणीतच देता येतो.

मला अडखळायला लावतं ते मिठाच्या पाण्याचं १.८. ज्यांना काहीच दिलं नाही असं आपण म्हणतो त्यांना खरं तर पुष्कळ काही मिळालं होतं. कोणी तरी त्यांचा गुडघा हातात घेतला, दर आठवड्याला विचारपूस केली, चालणं-वाकणं वहीत उतरवलं. बहिणीलाही नागपूरच्या डॉक्टरांनी तीन आठवडे खाली बसू दिलं नाही, ओझं उचलू दिलं नाही, मांडीचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम रोज करायला लावला, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या बंद करायला लावल्या, कारण त्या सूज दडपतात. सहा महिने झाले, ती आता जिना चढते. रक्ताने चढते, की व्यायामाने, की त्या तीन आठवड्यांनी, मी सांगू शकत नाही. मायचा टोंगळा सात ठिपक्यांनी बसला की दहा दिवसांच्या बाजेने, हेही नाही. पण वेचणीच्या ऐन हंगामात माझ्या मायला दहा दिवस मिळवून द्यायची ताकद त्या घरात दुसऱ्या कशातही नव्हती, आबाजींच्या शब्दातही नव्हती. फोड दिसत होते, पथ्य मोठीमायने सांगितलेलं होतं, ते मोडायची कोणाची छाती नव्हती.

मी आता गावीच राहते. परवा, दिवाळी झाल्यावर, वेटाळातली एक सून संध्याकाळी आली. पस्तिशीची असेल. ओसरीच्या पायरीवर बसताना तिने आधी हात टेकला, मग एक पाय लांब केला, मग बसली. ती कशी बसते ते पाहून मला कळलंच होतं. बहिणीचं ऐकून आली होती. सुईला किती पैसे पडतात, यवतमाळात होते का, असं विचारत राहिली. मी तिला म्हटलं, आधी सरकारी दवाखान्यात दाखव, फोटो काढ, रक्त तपास, तुझ्या वयात झीजच असेल असं नाही. मांडीचा व्यायाम दाखवला, तिथेच करून घेतला. ती ऐकत होती, पण तिच्या मनात दुसरं काही होतं.

“सुई घेतल्यावर किती दिवस बसा लागते बाई?”

“दोन-तीन आठवडे तरी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही.”

“वेचाले जाच्चं नाई?”

“नाही.”

“आन सुई नाई घेतली, नुसतं फोटो काहाडला अन् येयाम केला तं?”

“तरी सूज उतरेपर्यंत वेचणी बंद.”

ती जरा वेळ गप्प बसली. मग उठायच्या आधी म्हणाली, “मंग थे लिहून द्या ना मले. कागदावर. सासूले दाखवतो.”

मी आता नोकरीत नाही, माझ्या कागदाला काही किंमत नाही, हे मी तिला सांगितलं. ती बसूनच राहिली. शेवटी नातवाच्या वहीतलं पान फाडून घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, तिच्या सासूला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या. पंधरा दिवस शेतात जाणे नाही. उकिडवे बसणे नाही. ओझे नाही. खाली सही केली आणि सहीखाली, सवयीने, ‘स्टाफ नर्स’ असं लिहिलं, मग ‘निवृत्त’ हा शब्द जोडला. तिने त्या पानाची चौघडी केली आणि ब्लाउजात खोचली.